शॉकअप ‘गेला’ म्हणण्यापूर्वी

विज्ञान हा विज्ञान शाखेचा प्रांत, कला शाखेच्या विद्यार्थ्याचा तेथे काय संबंध, असा एक समज आपल्यात रूढ झाला आहे. हा समज किती महाग पडतो हे पाहायचे असेल, तर डिसेंबरातल्या सकाळी एखाद्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर उभे राहावे.

नांदेड-लातूरच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांजवळ आता जाड टायरच्या, पुढच्या चिमट्यात शॉकअप असलेल्या सायकली दिसतात. ही सायकल मूळची डोंगरातली. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर ती आकाराला आली. १९८९ साली अमेरिकेतच रॉकशॉक्स ही कंपनी निघाली आणि पुढे शॉकअपचा प्रसार झाला. आपल्याकडे तसे डोंगर नसतील, पण काळ्या मातीची वाट आहे. पावसाळ्यात तिच्यात चाकोऱ्या पडतात आणि हिवाळ्यात त्याच दगडासारख्या कडक होतात. म्हणजे शॉकअपची खरी गरज थंडीत. आणि नेमका थंडीतच तो आखडतो!

का आखडतो? पोलादी स्प्रिंग आपल्याकडच्या थंडीने फारशी बदलत नाही. बदलते ते तिच्याभोवतीचे ग्रीस, आणि कडक होते ते आतले रबर. महागड्या शॉकअपमध्ये तेल असते. तेही थंडीत दाट होते व बारीक छिद्रांतून सावकाश वाहते. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या आपल्या आयांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. शॉकअपचे तेल खोबरेलासारखे थिजत नाही, दाट मात्र होते. हवाही आकसते. दुपारी ३० अंशांना टायरमध्ये ४० पौंड हवा भरली आणि पहाटे पारा १० अंशांवर आला, तर सुमारे साडेतीन पौंड दाब उतरतो. टायर पंक्चर नसतो; थंडीचा तो हिशेब असतो.

आता प्रश्न असा की, हा हिशेब माहीत कोणाला? माझ्या गावच्या एका मुलाची सायकल गेल्या हिवाळ्यात सकाळी फार आदळू लागली. तालुक्याच्या दुकानदाराने “शॉकअप गेला” असे सांगून नवा बसवला. वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून पैसे मोजले. पुढच्या थंडीत नवा शॉकअपही तसाच आखडला! पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण शिकणारा मुलगा घरात असूनही बापाला “थांबा, आधी पाहू” म्हणणारे कोणी नव्हते, हे दुःख मला मोठे वाटते.

पाहायचे तरी किती थोडे! सकाळी आखडलेला शॉकअप दुपारी उन्हात पुन्हा दाबून पाहावा. मोकळा झाला तर दोष थंडीचा. दुपारीही अडला तर धूळ, गंज किंवा झीज आहे. मग मिस्त्रीकडे जावे. निघण्यापूर्वी हँडल दहा-बारा वेळा खाली दाबावे, पहिला टप्पा सावकाश न्यावा, हवा सकाळीच तपासावी. दिवाळीनंतर एकदा ओव्हरऑयलिंग करून जुने घट्ट ग्रीस काढून घ्यावे.

काही जण म्हणतील, साधी सायकलच बरी. गादीखालच्या स्प्रिंगांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्य काढले, हे खरे. पण नवी वस्तू नाकारणे हे अज्ञानावरचे औषध नव्हे. वस्तू विकत घ्यावी आणि तिच्या पोटात काय आहे हेही विचारावे. प्रामाणिक मिस्त्री ते आनंदाने उघडून दाखवतो. त्याच्या हाताला जे कळते तेही ज्ञानच आहे.

ज्या घरांतून आपण पहिल्यांदा महाविद्यालयात आलो, ती घरे आपल्याकडून केवळ पदवीची अपेक्षा करीत नाहीत. दुकानाच्या पायरीवर बापाचा हात खिशाकडे जाण्यापूर्वी “हे असे का?” एवढा प्रश्न आपल्याला विचारता आला पाहिजे. त्यासाठी शाखा बदलावी लागत नाही.