माशांना पाण्यात पाहणारे लोक

मी माशांना पाण्यात पाहतो आणि निम्मं डोंगरकडा मला पाण्यात पाहतं. कारण एकच. आमच्या मागच्या खोलीतल्या 20 टाक्या.

ही खोली पूर्वी ज्वारीच्या पोत्यांची होती, मग मुलीच्या अभ्यासाची झाली. ती शिकायला नांदेडला गेल्यावर तिथे शिवणयंत्र ठेवायचं आमच्या हिच्या मनात होतं. पण मी वेल्डरकडून लोखंडी अँगलचे दोन तीनमजली रॅक करून आणले, त्यांवर थर्माकोल अंथरला, छोट्या काचेच्या टाक्या मांडल्या, एकच हवेचा पंप लावून पीव्हीसीच्या नळीला 20 तोट्या काढल्या आणि प्रत्येक टाकीत स्पंजचा फिल्टर बुडबुडत ठेवला. शिवणयंत्र अजून माजघरातच आहे. त्याचा उल्लेख आमच्याकडे जेवताना होतो.

पाहुण्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘‘त्यापेक्षा दिवाणखान्यात एकच मोठी टाकी ठेवायची. शोभा तरी आली असती!’’ मासा म्हणजे एकतर तळायची वस्तू, नाहीतर शोभेची, असं यांचं ठाम मत. त्यांना कोण सांगणार, की गप्पी मादी महिन्याकाठी पिल्लं देते आणि भूक लागली की त्यांतलीच खाते? दोन फायटर नर एका पाण्यात ठेवले तर सकाळी एकच नर आणि थोडी शेपटी उरते. शिवाय एका टाकीत रोग आला तर बाकीच्या 19 शाबूत राहतात. सगळी ठेव एकाच खात्यात ठेवू नका, हे मी काउंटरवर लोकांना वीस वर्षं सांगत आलो. घरी वेगळं कसं वागू?

पण खरा आक्षेप समोरच्या काकांचा. मागच्या मे महिन्यात, नळाला पाणी यायचे दिवस लांबले असताना, ते ओसरीवर बसून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘सायेब, माणसाला प्यायला पाणी नाही अन् तुमी मासे पाळायलेत?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या मुलखात पाणी तिकीट काढून येतं, तिथे माशांची खोली करणाऱ्याने हिशेब दिलाच पाहिजे. मी बी.कॉम. आहे. मी वही काढली.

आमची टाकी 18 इंच लांब, 10 रुंद, 10 उंच. काठाखाली भरली तर 25 लिटर. 20 टाक्यांचे झाले 500 लिटर, म्हणजे अर्धा टन. (म्हणूनच हा संसार माडीवर न करता जमिनीवर केला.) काकांना हे 500 लिटर दिसतात. पण काका, ही शिल्लक आहे, खर्च नव्हे! ती एकदा भरली. आठवड्याला मी पाचवा हिस्सा बदलतो, म्हणजे 100 लिटर. दिवसाला पडली एक बादली. टाक्यांवर काचेची झाकणं असल्याने वाफ होऊन जातं ते थोडंच. आणि काढलेलं पाणीही गटारात जात नाही, परसातल्या केळीला आणि कढीपत्त्याला जातं. माशांच्या विष्ठेमुळे केळ अशी फोफावली आहे, की खताच्या दुकानदाराने माझ्याशी बोलणं सोडावं.

‘‘एवढे मासे म्हणजे पाणी रोजच पूर्ण बदलत असाल!’’ हेही ऐकावं लागतं. सुरुवातीला मी बदलत असे, आणि मासे रोज मरत असत. दुकानदाराने ‘‘टाका बिनधास्त’’ म्हणून सांगितलं होतं. पुढे कळलं, की टाकीतही एक कचेरी असते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने गरीब. फाइल या दोन टेबलांवरून नीट फिरायला लागेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. आपण स्वच्छतेच्या उत्साहात सगळं पाणी फेकून फिल्टर नळाखाली खसाखसा धुतला, की स्टाफचीच बदली होते. थोडक्यात, जुनं पाणी टिकवण्याचा धंदा आहे हा, उधळण्याचा नव्हे.

आता काकांची वही उघडू. त्यांच्या कूलरची टाकी 50 लिटरची आणि मे महिन्यात ती रोज भरावी लागते. म्हणजे माझे 20 टाक्यांतले मासे आठवडाभरात पितात तेवढं काकांची एक खिडकी दोन दिवसांत पिते! संध्याकाळी अंगणात सडा आणि रविवारी मोटारसायकलची अंघोळ वेगळी. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करून पुसावी, असं आरोग्य खातं कानीकपाळी ओरडतं. न पुसल्यास त्यात डेंग्यूचे डास होतात. उलट गप्पी मासे पाळून हिवताप टाळण्याचा सल्ला सरकारनेच भिंती रंगवून दिला आहे. (गप्पी हे नाव गप्पांवरून आलेलं नाही. गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून हे मासे पाठवले आणि 1866 साली ब्रिटिश म्युझियमच्या गुंथर यांनी त्यांचं नाव माशाला दिलं.) मात्र ओढ्यात-नदीत कुणी ते सोडायला मागितले, तर मी देत नाही. तिथे ते आपल्या गावच्या माशांच्या मुळावर येतात. मिळतील ते हौदासाठी.

एवढा हिशेब मी काकांना वाचून दाखवणार होतो. पण त्याच संध्याकाळी ही नळावरून आली, घागर खाली ठेवली आणि काही बोलली नाही. शेजारणींनी काकांचं वाक्य तिला नळावर ऐकवलं होतं. ज्या बाईला शिवणयंत्राची जागा मिळाली नाही, तिने माझ्या माशांसाठी रांगेत बोलणी खाल्ली, हे कोणत्या खात्यात टाकायचं ते बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

मी आठ टाक्या रिकाम्या केल्या. जमतील ते मासे उरलेल्या 12 टाक्यांत हलवले, बाकीचे गावातल्या हौदवाल्यांना दिले. वरचा एक मजला सोडवून तिथे शिवणयंत्राचा कोपरा केला. आणि माशांची रोजची बादली माझ्या अंघोळीतून वळती केली. मी दोनऐवजी एका बादलीत अंघोळ करू लागलो. बँकेत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काका अजून ओसरीवर बसतात. परवा पहिला पाऊस झाला, तेव्हा प्लॅस्टिकची बरणी घेऊन आले. ‘‘सायेब, हौदात अळ्या झाल्यात. ते तुमचे गप्पी का काय, द्या की धा-बारा.’’ मी बारा मोजून दिले आणि वहीत काकांच्या नावावर लिहून ठेवले.