‘हो’ म्हणजे नक्की काय?




१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता आणि दोन चिन्हे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. वाद टोकाचा होता, पण कोणत्या चिन्हाचा अर्थ काय, हे निरक्षर माणसालाही समजावून सांगता येत होते. कॅलिफोर्नियातल्या उच्चशिक्षित मराठी मतदाराला मात्र राज्याच्या मतपत्रिकेवरील ‘हो’चा अर्थ पहिल्या वाचनात लागेलच असे नाही.

या राज्यात १९११ पासून कायद्याचे प्रस्ताव थेट जनतेच्या मताला येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये असे १७ प्रस्ताव होते आणि सरकारी माहितीपुस्तिका २२४ पानांची होती. त्यातला ६७ क्रमांकाचा प्रस्ताव प्लास्टिक पिशव्यांचा. विधिमंडळाने २०१४ मध्ये केलेली बंदी पिशवी उत्पादकांनी सह्या गोळा करून जनमतापुढे आणली. प्रश्न आणला विरोधकांनी, पण ‘हो’ म्हणणे म्हणजे बंदी राखणे! त्याच मतपत्रिकेवरचा ६५ क्रमांकाचा प्रस्तावही पिशव्यांचाच होता. पिशव्यांच्या विक्रीतून येणारी रक्कम पर्यावरण निधीला द्या, असे त्यात म्हटले होते आणि त्यामागे पैसा होता पुन्हा उत्पादकांचाच. अखेर ६७ मंजूर झाला, ६५ फेटाळला गेला.

अशा वेळी जाहिरातीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबणे धोक्याचे आहे. २०२० मध्ये अ‍ॅपवरून काम करणाऱ्या वाहनचालकांबद्दलच्या २२ क्रमांकाच्या प्रस्तावाच्या समर्थनार्थ अ‍ॅप कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक ओतले होते.

म्हणून प्रस्तावांचा अर्थ समजावण्याचे काम कॅलिफोर्नियातल्या महाराष्ट्र मंडळांनी हाती घ्यायला हवे. ‘मंडळात राजकारण नको’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु धर्मादाय संस्थांना अमेरिकेचा करकायदा मनाई करतो ती उमेदवाराच्या प्रचाराची; प्रस्तावाचा अर्थ निःपक्षपणे समजावण्याची नाही. ओरेगॉन राज्याने तर २०११ मध्ये त्यासाठी कायदाच केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले सामान्य मतदार काही दिवस एकत्र बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि त्यांचे निष्कर्ष मतदारपुस्तिकेत छापले जात.

मंडळांना एवढा पसारा मांडावा लागणार नाही. एक दुपार, हातात सरकारी पुस्तिका आणि प्रत्येक प्रस्तावाला चार प्रश्न: आज कायदा काय आहे, ‘हो’ने काय बदलेल, ‘नाही’ने काय राहील, प्रचाराचा पैसा कुणाचा? मत कोणत्या बाजूने द्यावे, हे तिथे कुणीही सांगू नये. नव्याने नागरिक झालेल्या आईवडिलांसाठी पुस्तिका हिंदीतही मिळते. मराठीत समजावून सांगायला माणसे मंडळात आहेतच.

नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका ऑक्टोबरमध्ये घरी येते. दिवाळीच्या कार्यक्रमाचे पत्रक त्याच सुमारास निघते. या वाचनाची तारीख त्याच पत्रकात छापावी, ही सर्व मंडळांच्या कार्यकारिणींना आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कॅलिफोर्निया