न आलेल्या अंकाचीही नोंद ठेवा



सातारा-सांगलीकडच्या अनेक विहारांत छोटी वाचनालये आहेत. वर्गणी वेळेवर जाते, पण अंक मात्र मधूनमधून येत नाहीत. "टपालात गहाळ झाला" म्हणून आपण गप्प बसतो. वर्षाअखेरीस गठ्ठा बांधताना तीन-चार अंक कमी भरतात, आणि तोवर प्रकाशकाकडेही प्रत उरलेली नसते.

यात आपले नुकसान किती? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. पुढे १९९० साली महाराष्ट्र शासनाने हे अंक ग्रंथरूपात छापले. कोणीतरी ते जुने अंक जपले होते, म्हणूनच हे शक्य झाले. आपल्या चळवळीचा इतिहास दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत फारसा सापडत नाही. तो आपल्याच अंकांत आहे.

नोंदीचे मोल साताऱ्याला सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाळ भिवाने तिथल्या शाळेत प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकाला ती नोंद आहे. प्रतापसिंह हायस्कूलने ते रजिस्टर जपले. २०१७ पासून राज्यात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो.

मग आपण काय करावे? एक साधी वही घ्यावी. प्रत्येक नियतकालिकाला एक पान द्यावे. अंक आला की क्रमांक व तारीख लिहावी. न आल्यास ती जागा कोरी सोडावी, पुढचा अंक त्या जागी लिहू नये. पुढचा अंक आला आणि मधला नाही, की त्याच आठवड्यात वर्गणीदार क्रमांक देऊन प्रकाशकाला पत्र टाकावे. साध्या टपालाची पावती नसते, त्यामुळे शोध लागणे कठीण. तरी वारंवार असे होत असेल तर पोस्टमास्तरांना तारखांसह लेखी कळवावे.

पत्ताही तपासावा. नुसते 'बुद्धविहार' लिहिले आणि विहाराला कुलूप असले, तर अंक कुठेतरी पडून राहतो. जवळच्या एका घराचे नाव द्यावे. पिनकोड बरोबर असावा. सातारा शहराचा ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. महत्त्वाचा विशेषांक हवाच असेल तर जादा खर्च देऊन तो स्पीड पोस्टाने मागवावा.

एवढे करूनही अंक मिळाला नाही, तर शेजारच्या वाचनालयातून झेरॉक्स काढून गठ्ठ्यात लावावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचीही ग्रंथसंपदा भिजली. एकाच ठिकाणी ठेवलेला ठेवा एका रात्रीत जाऊ शकतो, म्हणून दोन गावांत दोन संच असलेले बरे.

हे काम पदवीधरानेच करावे असे नाही. नववी-दहावीतली मुलगीही वही छान ठेवील. येत्या रविवारी वंदना झाली की गठ्ठे खाली काढा, अंक मोजा, आणि कमी असलेल्यांची यादी शेजारच्या विहाराला पाठवा. तुमच्याकडे नसलेला अंक कदाचित त्यांच्या ट्रंकेत असेल.

जयभीम!