वहीची दुसरी प्रत

दिवाळीस लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर आपल्या पेढ्यांतून लाल वही पाटावर मांडली जाते, तिच्यावर स्वस्तिक रेखाटले जाते, आणि पूजा आटोपली की ती कपाटात जाते. खरा हिशेब तीत नसतोच. बेगम बझार व उस्मानगंज येथील कितीतरी दुकानांची कीर्द, खतावणी, मालाचा साठा आणि गावोगावच्या ग्राहकांकडील येणे आता गल्ल्याशेजारच्या संगणकातील एका लहानशा पेटीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, साठविलेले असते. तिची पूजा होत नाही हे एक वेळ चालेल. तिची दुसरी प्रत नसते हे मात्र, आमच्या मते, व्यापारी म्हणविणाऱ्यास शोभत नाही.

ही पेटी मुळात नाजूक. तीतील तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर हवेत तरंगत असते. धक्का बसला किंवा टोक झिजले की ते तबकडीस घासते, आणि जेथे घासते तेथील अक्षर कायमचे जाते. पूर्वसूचना पुष्कळदा मिळते: टॅली उघडण्यास विलंब लागतो, एखादी फाइल वाचताच यंत्र थिजते, पेटीतून ठराविक तालावर टक्‌टक् ऐकू येते. अशा वेळी आपल्याकडे काय होते? मुनीम यंत्र दहा वेळा बंद-चालू करतो; शेजारचा हुशार मुलगा दुरुस्तीची आज्ञा, ‘चेकडिस्क’, चालवितो; कोणी पेटी बर्फाच्या कपाटात ठेवण्याचा सल्ला देतो, तर कोणी झाकणच उघडतो. हे चारही उपाय घातक होत. दुरुस्तीची आज्ञा मरणोन्मुख तबकडीवर नवे लिखाण करते. बर्फाने आत दव धरते. आणि उघड्या पेटीत शिरलेला धुळीचा एक कणही पुरेसा होतो.

योग्य मार्ग संयमाचा आहे. प्रथम यंत्र बंद करावे. टक्‌टक् होत असेल तर ते पुन्हा सुरूच करू नये. धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे पेटी द्यावी, खर्चाची मर्यादा आधी लेखी ठरवून घ्यावी. आवाज नसून केवळ वाचन अडखळत असेल, तर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या संगणकांच्या बाजारात जाणकार कारागीर शोधावा व त्यास एकच प्रश्न विचारावा: “दुरुस्तीआधी संपूर्ण नक्कल घेणार ना?” ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे विनामूल्य साधन सुलभ भाग प्रथम उतरविते, अवघड भागांकडे मागाहून वळते, आणि कोठवर आले याची नोंद ठेवते. मग जी खटपट करावयाची ती नकलेवर. तबकड्या नसलेल्या नव्या एसएसडी पेट्यांविषयी एवढेच सांगतो की, त्या आवाज न करता, कधी कधी एकाएकी मरतात.

आपल्या समाजास ही गोष्ट नवी वाटू नये. धवला-जयधवला या टीकांची ताडपत्रे मूडबिद्रीच्या बसदीत शतकानुशतके जणू एकाच पेटीत बंद होती. ती जीर्ण होत असता सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करविण्याचा उद्योग आरंभिला, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून धवला छापून निघू लागली. शेठजींनी ताडपत्रांवर केवळ फुले वाहिली असती तर?

आरसा-पेटी, म्हणजे दोन डिस्कवर एकदमच लिहिणारी योजना, ही प्रत नव्हे. चुकून पुसले तर दोन्हीकडे पुसते. सदैव जोडलेली पेटीही प्रत नव्हे. खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप घालतो. आणि दुकानातच ठेवलेली प्रत ही अर्धीच प्रत. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुराने या नगरीचे काय केले, आणि ऑक्टोबर २०२० च्या पावसाने किती तळमजले बुडविले, हे आपणांस ठाऊकच आहे. वस्तू व सेवा कराचा ५७ वा नियमही हेच सांगतो: संगणकावरील हिशेबांची प्रत अशी ठेवावी की, अपघाताने मूळ नष्ट झाल्यास माहिती वाजवी काळात परत उभी करता यावी. वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावयाचे आहेत, हेही स्मरणात असावे.

काही बंधू म्हणतात, आमचे भाव व आमची येणी परक्याच्या हाती कशी द्यावी? शंका रास्त आहे. प्रतीस संकेतशब्दाचे कुलूप घालता येते. तो शब्द मात्र घरातील आणखी एकास माहीत असावा, नाहीतर मालकाच्या पश्चात पत्नीस व मुलांस कोणाकडे किती येणे आहे हेच कळावयाचे नाही.

म्हणून आमची सूचना अशी: येत्या श्रुतपंचमीस, आणि श्वेतांबर बंधूंनी ज्ञानपंचमीस, प्रत्येक पेढीने आपली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून गेल्या वर्षातील कोणतेही एक खाते वाचून पाहावे. ज्यांची प्रत उघडणार नाही त्यांच्यासाठी संघाने त्याच दिवशी कार्यालयात एक जाणकार बसवावा. त्याचा खर्च स्मरणिकेच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून सहज निघेल.