कांद्याचा जर्मन कूखन आणि दारातला नकार

मैत्रिणींनो, परदेशी पदार्थ म्हटला की आपल्यापैकी पुष्कळजणी पान उलटतात. "आपल्या घरी कोण खातंय ते!" असं म्हणून. पण आजचा पदार्थ चांगला किलोभर कांद्याचा आहे, आणि कांद्याला नको म्हणणारं घर विरळाच. शिवाय तो शिकताना मी एक चूक केली. तीही सांगायची आहे, म्हणजे तुमच्या हातून ती व्हायला नको.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत स्टुटगार्टला गेले होते. ऑक्टोबरचे दिवस. तिकडे द्राक्षांची तोडणी झालेली असते आणि नवी, अजून फसफसणारी वाइन बाजारात येते. तिला म्हणतात फेडरवायसर. तिच्या बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, नाहीतर आतल्या वायूने बाटली फुटायची! म्हणून ती पिशवीत आडवी न ठेवता उभीच आणावी लागते. या वाइनबरोबर घरोघरी खातात तो 'त्स्वीबलकूखन'. त्स्वीबल म्हणजे कांदा आणि कूखन म्हणजे केक. नाव केकचं असलं तरी पदार्थ खारा. खाली पावासारखी पोळी, वर मऊ शिजवलेला कांदा, अंडी, आंबट साय आणि बेकनचे, म्हणजे खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे.

एका दुपारी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी फडक्यात झाकलेली गरम ताटली घेऊन उभ्या. बाळंतिणीसाठी आणलेली. लेकीने त्यात काय आहे ते सांगितलं मात्र, माझा पुढे झालेला हात आपोआप मागे आला. "नको गं बाई, आपल्यात चालत नाही!" मी मराठीतच म्हटलं, पण चेहऱ्याला कुठली भाषा लागते? आजी ओशाळल्या आणि ताटली घेऊन खाली गेल्या.

लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू तीन महिन्यांनी परत जाशील. रात्री-अपरात्री बाळाला काही झालं, तर मी याच आजींचं दार वाजवणार आहे."

मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी किलोभर कांदे पिशवीत घेतले आणि आजींचं दार मीच वाजवलं. कांदे दाखवले, स्वतःकडे बोट केलं, लाटण्याची खूण केली. त्या हसल्या आणि मला आत घेतलं.

त्यांनी शिकवलेली रीत ही अशी :

साहित्य : मैदा २५० ग्रॅम, सुकं यीस्ट १ सपाट चहाचा चमचा, कोमट दूध अर्धा कप (सुमारे १२५ मिली), लोणी ४० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, चिमूटभर साखर. सारणासाठी कांदे १ किलो, लोणी २ मोठे चमचे, अंडी ३, आंबट क्रीम २०० ग्रॅम, मैदा १ मोठा चमचा, कॅरवेचे दाणे १ चमचा (ते नसल्यास शहाजिरे), मीठ, मिरपूड. चालत असल्यास बेकन १०० ग्रॅम.

कृती : कोमट दुधात साखर व यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवावं. फेस आला की मैदा, मीठ व मऊ लोणी घालून मऊ कणीक मळावी. झाकून तासभर, दुप्पट फुगेपर्यंत ठेवावी.

तोवर कांदे पातळ उभे चिरावेत. लोण्यात, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं परतावेत. इथे मी आपल्या सवयीने आच वाढवायला गेले, तर आजींनी बोट उभारून दटावलं! आपण वाटणासाठी करतो तसा तांबूस कांदा इथे नको. तो मऊ आणि काचेसारखा पारदर्शक व्हायला हवा, आणि त्याचं सुटलेलं पाणी पुरतं आटायला हवं. मग तो गार करावा. गरम कांद्यात अंडी घातलीत तर तिथेच त्यांची भुर्जी होईल.

अंडी, क्रीम, चमचाभर मैदा, मीठ व मिरपूड फेटून कांद्यात मिसळावं. कणीक लाटून लोणी लावलेल्या २८ सेंटीमीटरच्या टिनमध्ये पसरावी, कडा बोटभर वर घ्याव्या. सारण ओतून वर कॅरवे भुरभुरावे. बेकन घालायचं तर बारीक तुकडे आधी कोरड्या तव्यावर परतून मग वर पेरावेत. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून ३५ ते ४० मिनिटं भाजावं. मध्यभाग हलेनासा झाला आणि वर सोनेरी डाग पडले की झालं. लगेच कापू नये, १५ मिनिटं निवू द्यावं.

आजींनी त्या दिवशी टिनच्या मधोमध कणकेचा एक बांध घातला. एका बाजूला बेकन, दुसरी बाजू माझी! (घरात कडक पाळणारं कोणी असेल तर मात्र सरळ दोन टिन घ्या. बेकनची चरबी वितळून पसरते.) आम्ही दोघींनी आपापल्या बाजूचा तुकडा खाल्ला. बोलणं काहीच झालं नाही, आणि त्याची गरजही भासली नाही.

आपल्याकडे करताना : आंबट क्रीम मिळालं नाही तर १५० ग्रॅम चक्का आणि चार चमचे साय एकत्र फेटून घ्या. अशा वेळी चमचाभर मैदा विसरू नका, त्याने दही फाटत नाही. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो मुळातच गोडसर असतो. घरी परतल्यावर मी पहिल्यांदा केला तेव्हा घाईत कांद्याचं पाणी आटवलं नाही, तर तळ गचगचीत झाला. तेव्हा धीर धरा. आणि टिन ओव्हनच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तळ नीट भाजतो. बेकनचा खमंगपणा हवा पण मांस नको, तर थोडा कांदा वेगळा कुरकुरीत तळून वर घाला.

मी परत आल्यावर फेब्रुवारीत लेकीचा फोन आला. बाळाला रात्री ताप भरला होता, जावई गावाला गेलेले. आजी पहाटेपर्यंत तिच्याजवळ बसून होत्या.

मैत्रिणींनो, आपल्याला जे चालत नाही ते खाऊ नये, त्यात काही वावगं नाही. पण कोणी हाताने करून आणलेली ताटली आधी दोन्ही हातांनी घ्यावी, आभार मानावेत, आणि मग काय चालतं नि काय नाही ते हसून सांगावं. नकार पदार्थाला असावा, आणणारीला नव्हे. एवढं मला या वयात एका कांद्याच्या कूखनने शिकवलं.

करून पाहा, आणि कसा झाला ते जरूर कळवा.