ताबा : हुकुमाचा की तारखांचा?

शेताचा ताबा असतो, गाळ्याचा असतो. मुलाचाही ‘ताबा’ असावा, हे ज्या समाजाला खटकत नाही त्या समाजाशी आज भांडायचे आहे. म्हणजे, वाचकहो, तुमच्याशी आणि स्वतःशीही.

काही वर्षांपूर्वी इथे सिल्वासात, मधल्या सुट्टीत, सहावीतल्या एका मुलाची आई आमच्या शाळेच्या फाटकाशी आली. नवऱ्याशी बिनसल्यावर ती नाशिककडे माहेरी गेली होती. मुलाला वडिलांनी इथेच ठेवून घेतले होते. ‘आईला भेटू देऊ नये’ असा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मी त्या बाईंना परत पाठवले. कोर्टाचा हुकूम आहे का, हे विचारायचे मला सुचले नाही. मुलगा वर्गाच्या खिडकीतून पाहत होता.

कायदा काही मुका नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा मुलाचे हित पाहायला सांगतो. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेता येते. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. ‘वडिलांनंतर आई’ यातले ‘नंतर’ म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगितले. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात तर आईवडील दोघांचेही प्रेम हा मुलाचा हक्क ठरवला.

मग घोडे अडते कुठे? तारखांत! मे महिन्याच्या सुट्टीत मामा किंवा काका मुलाला उचलून नेतात. जूनमध्ये शाळा बदलते. अर्ज, उत्तर, पुढची तारीख. दोन वर्षांनी न्यायाधीशांपुढे उभे राहते ते नव्या घरात रुळलेले मूल. त्याला पुन्हा कशाला उपटायचे, हा विचारही हिताचाच. थोडक्यात, ज्याने आधी उचलले त्याचे फावले.

आपल्या दुभाषी मुलखात हे अधिक बोचते. आईपासून तुटलेले मूल इथल्या गुजराती-हिंदीत वाढते, आणि दोन वर्षांनी आईला मराठीत चार ओळी लिहिताना अडखळते. ‘बघा, त्यालाच आईशी बोलायचे नाही,’ म्हणायला नातेवाईक मोकळे. वडिलांपासून तोडलेल्या मुलाचीही हीच गत. तोडायचे आपण आणि ‘इच्छा’ मात्र मुलाची!

‘भेटीगाठींनी मूल बिथरते, एकदाच काय तो तुकडा पाडा,’ असे शहाणे लोक सांगतात. मूल भेटीने बिथरत नाही; भेटीआधी आणि भेटीनंतर घरात जे बोलले जाते, त्याने बिथरते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ साली भर पडली : दावा चालू असताना मुलांच्या पोटगीचा व शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. पैशाला आणि फीला मुदत. मग मुलाने कोणाकडे राहायचे, कोणाला भेटायचे, याच्या तात्पुरत्या हुकुमालाही तीच मुदत का नको? ही मागणी वकिलांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.

तोवर आपले काम आपण करू. मामा-काकांनी मूल उचलायला गाडी देऊ नये. मुख्याध्यापकांनी एका पालकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याला फाटक बंद करू नये. माझ्या टेबलावर आता तसा अर्ज आला, की मी पहिला प्रश्न विचारतो : हुकूम कुठे आहे?