मेंदूचा सेफ्टी व्हॉल्व्ह

रत्नागिरी जिल्ह्यातील लोट्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान तेथील औद्योगिक वसाहतीत, रासायनिक कारखान्यात आहेत. आठ वर्षांच्या मुलाला फिट्स येतात. शेजारच्या आजी म्हणतात, "भांगेत मेंदू राखायचा गुण आहे, दुधातून थोडी दे." देऊ का, असे बाई विचारतात.

भगिनी, मुळीच देऊ नका. मात्र आजींचे बोलणे अगदीच वाऱ्यावरचे नाही.

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. 'ऊठ, कामाला लाग' हा निरोप ग्लुटामेटचा. फिट लांबली की हा निरोप बेसुमार सुटतो, पेशीत कॅल्शियम शिरते आणि पेशी मरूही शकते. कारखान्यात दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, हे यजमान सांगतील. मेंदूतही तशीच सोय आहे. त्रासलेली पेशी स्वतःच एक द्रव्य बनवून उलट धाडते; ते निरोप देणाऱ्या पेशीवरील 'सीबी-१' नावाच्या ग्राहीवर, म्हणजे जणू कुलपावर, बसते आणि निरोपांचा मारा ओसरतो.

या कुलपाचा पत्ता १९८८ साली अमेरिकेत लागला. मेंदूतच तयार होणारी त्याची किल्ली १९९२ साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना सापडली. तिचे नाव त्यांनी आपल्या संस्कृतातून घेतले: आनंदामाइड! पुढे २००३ साली असे दिसले की, ज्या उंदरांना हे कुलूपच नव्हते त्यांना झटके फार तीव्र आले.

मग भांग का नको? भांगेतील नशेचे द्रव्य याच कुलपाला लागते खरे. पण मेंदूची किल्ली हवी तिथे, हवी तेव्हा फिरते आणि लगेच विरघळते. भांग म्हणजे कारखान्यातले सगळे व्हॉल्व्ह तासन्‌तास उघडे टाकणे. वाढत्या मेंदूला ते घातक.

याच वनस्पतीतील कॅनॅबिडिऑल हे नशा न आणणारे द्रव्य शुद्ध करून केलेले औषध २०१८ साली अमेरिकेत काही दुर्मिळ, दुर्धर फिट्सवर मंजूर झाले. त्याचे कार्य मुख्यतः या कुलपातून चालत नाही. शिवाय ते मोजून, यकृताच्या तपासण्या करून डॉक्टरच देतात. दुधातली भांग म्हणजे ते औषध नव्हे.

दिवाळीच्या गडबडीत मुलाची गोळी चुकवू नका, जागरण होऊ देऊ नका. फिट आलीच तर कुशीवर निजवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर तडक इस्पितळ गाठा.

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांना फराळ द्या, भांग मात्र घेऊ नका!